हाफ वेव्ह की फाइव्ह-एट? रॉड सारखे, जागा वेगळ्या

गाडीत रेडिओ बसवणारा नवा हॅम, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणारा, सगळ्यात आधी जागा विचारतो: अँटेना टपावर लावू, बॉनेटच्या कडेला की मागच्या बंपरवर? पण जागा ठरते ती हातातल्या रॉडवरून. आणि हाफ वेव्ह व फाइव्ह-एट हे दोन रॉड हमखास एकमेकांशी गल्लत होणारे. दोन्ही लांब, दोन्हींच्या बुडाशी कॉइल.

आधी टेप लावा. आपल्याकडच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यात तरंगलांबी साधारण २.०७ मीटर येते. त्यामुळे हाफ वेव्ह, म्हणजे अर्धा तरंग, सुमारे १ मीटरचा आणि फाइव्ह-एट, म्हणजे तरंगाचा ५/८ भाग, सुमारे १.३ मीटरचा.

खरा फरक कॉइलच्या कामात आहे. हाफ वेव्हच्या बुडाशी व्होल्टेज भरपूर आणि करंट अगदी कमी असतो, त्यामुळे तिथला रोध हजारो ओम. कॉइल तो केबलच्या ५० ओमशी जुळवून देते. बुडाशी करंटच कमी असल्याने खाली गाडीचा धातूचा पत्रा नसला तरी या रॉडचं फारसं अडत नाही. फाइव्ह-एटची कॉइल मात्र रॉडला विजेच्या हिशेबाने पाऊण तरंगाइतका लांब करते. मग बुडाशी चांगला करंट येतो आणि त्याला परतीची वाट म्हणून पत्रा लागतो: चहूबाजूंनी पाव तरंग, म्हणजे अर्धा मीटर. एवढी मोकळी जागा गाडीवर एकच, टपाचा मध्य. सनरूफ असेल तर तीही गेली. पत्रा नसताना फाइव्ह-एट लावला की केबलचं बाहेरचं आवरणच अँटेनाचा भाग होऊन बसतं. केबल जरा हलवली की एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळली आहे ते दाखवणारा आकडा, बदलतो.

टपावर मॅग्नेट बेस लावताना काहीजण रंग खरवडतात. मल्टिमीटर जोड दाखवत नाही म्हणून! तसं करू नका. रंगाचा पातळ थर मध्ये आला की चुंबकाचं बूड आणि पत्रा मिळून कपॅसिटर तयार होतो, आणि १४५ मेगाहर्ट्झला तेवढी वाट पुरते.

कापडी हुडाची जीप असेल तर हाफ वेव्ह घ्या आणि बॉनेटच्या मागच्या कडेला लावा. पत्रा जमिनीपासून मीटरभर उंच, त्यावर मीटरभराचा रॉड, म्हणजे वरचं टोक हुडाच्या वर राहतं. बंपरवरही तो नीट ट्यून होईल, पण उंच एसयूव्हीच्या मागे जवळजवळ अख्खा झाकला जाईल आणि गाडीचंच धूड पुढच्या बाजूचा सिग्नल अडवेल. पत्रा नसला तरी चालतं, याचा अर्थ कुठेही लावलं तरी चालतं असा नव्हे.

टप चांगला असेल तर सपाट मुलखात मी फाइव्ह-एटच निवडेन, कारण त्याची ताकद क्षितिजाकडे जास्त जाते. घाटात हाच गुण आड येतो: रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं केंद्र) डोक्यावरच्या डोंगरावर आणि सिग्नल समोरच्या कड्यावर. शिवाय दीड मीटर उंचीच्या गाडीवर १.३ मीटरचा रॉड सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये बीमला धडकतोच. तिथे अर्ध्या मीटरचा साधा क्वार्टर वेव्ह, म्हणजे पाव तरंगाचा रॉड, बरा, फक्त त्यालाही टपाचा मध्यच हवा.