'ॲटलस श्रग्ड' आणि अमेरिकी उजव्यांची दुविधा

आयन रँड यांची 'ॲटलस श्रग्ड' ही हजारावर पानांची कादंबरी ऑक्टोबर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी निर्बंधांना विटलेले उद्योजक आणि संशोधक एकेक करून समाजातून अंग काढून घेतात आणि देशाचा गाडा ठप्प होतो, असे तिचे कथानक आहे. त्यामागचा संताप लेखिकेने स्वतः भोगलेला होता. सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेल्या रँड यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान क्रांतीनंतर बोल्शेविकांनी जप्त केले होते आणि १९२६ मध्ये त्या अमेरिकेत आल्या, त्या समूहवादाचा कायमचा तिटकारा घेऊनच.

साम्यवादविरोधाच्या त्या काळात परंपरावाद्यांनी ही कादंबरी डोक्यावर घ्यायला हवी होती, पण तिच्यावर सर्वांत जहरी टीका त्यांच्याच गोटातून झाली. परंपरावादी विचारवंत विल्यम बकली यांच्या 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकात डिसेंबर १९५७ मध्ये व्हिटेकर चेंबर्स यांनी परीक्षण लिहिले. स्वतः एकेकाळी साम्यवादी हेर असलेल्या आणि पुढे श्रद्धेकडे वळलेल्या चेंबर्स यांना या कादंबरीच्या जवळजवळ प्रत्येक पानावर 'गॅस चेंबरमध्ये चालते व्हा' असे फर्मावणारा आवाज ऐकू आला. हा आरोप अतिरेकी होता, असे मला वाटते. परंतु त्यामागचे मतभेद खरे होते. रँड निरीश्वरवादी होत्या आणि परोपकाराला त्या नैतिक दोष मानत, तर बकली यांच्या परंपरावादाचा पायाच ख्रिस्ती धर्म होता. माणसाला मोजायचे माप पैसा ठरले, तर देवाला नाकारणारा भौतिकवादच मागच्या दाराने आत येतो, ही चेंबर्स यांची खरी धास्ती होती.

ही टीका वाचकांनी मात्र मानली नाही. नॅथॅनियल ब्रँडेन यांनी १९५८ पासून दहा वर्षे रँड यांच्या विचारांचे व्याख्यानवर्ग चालवले. रँड यांच्या निकटच्या वर्तुळातले ॲलन ग्रीनस्पॅन १९८७ मध्ये फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष झाले. स्वतः रँड यांनी मात्र रोनाल्ड रेगन यांच्या गर्भपातविरोधी भूमिकेमुळे त्यांना पाठिंबा नाकारला होता.

२००८ च्या आर्थिक संकटात सरकारने बँकांना मदत दिली, त्यानंतर कर आणि सरकारी खर्चाला विरोध करणाऱ्या टी पार्टी या चळवळीच्या मोर्चांत कादंबरीच्या नायकाविषयीचा 'जॉन गॉल्ट कोण आहे?' हा प्रश्न फलकांवर झळकू लागला. आता तिचे चाहते चर्चला जाणारेही होते. कर आणि कल्याणकारी योजनांवरचा तिचा राग घ्यायचा आणि निरीश्वरवाद बाजूला ठेवायचा, अशी सोयीची विभागणी त्यांनी करून घेतली होती.

ती विभागणी किती कच्ची आहे, हे पॉल रायन यांच्या बाबतीत दिसले. सार्वजनिक जीवनात येण्याची प्रेरणा रँड यांच्याकडून मिळाली, असे २००५ मध्ये सांगणाऱ्या या कॅथलिक खासदाराने गरिबांच्या योजनांना कात्री लावणारे अंदाजपत्रक मांडले. त्यावर एप्रिल २०१२ मध्ये जॉर्जटाउन या कॅथलिक विद्यापीठातील प्राध्यापकांनी त्यांना पत्र लिहून, या अंदाजपत्रकात येशूच्या शिकवणीऐवजी रँड यांची मूल्ये दिसतात, असे सुनावले. रायन यांनी त्याच सुमारास रँड यांचे तत्त्वज्ञान आपण नाकारतो आणि मध्ययुगीन कॅथलिक तत्त्ववेत्ते थॉमस ॲक्विनास यांना मानतो, असे जाहीर केले. अंदाजपत्रक मात्र मागे घेतले नाही.