चेंडूपाशी उभं राहिल्यावर: गोल्फमधल्या मानसिक तयारीची पार्श्वभूमी

क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर येतो, त्यामुळे फलंदाजाला फार विचार करायला सवडच नसते. गोल्फचा चेंडू जागचा हलत नाही. चार तासांच्या फेरीत प्रत्यक्ष फटके मारण्यात काही मिनिटंच जातात; बाकीचा वेळ चालण्यात, थांबण्यात आणि मागचा चुकलेला फटका मनात घोळवण्यात जातो. मनाच्या तयारीची चर्चा या खेळात इतकी जुनी आहे ती यामुळे.

सुरुवातीला तिला तयारी कोणी म्हणत नसे. प्रश्न स्वभावाचा मानला जाई. १९२१ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्ये १९ वर्षांच्या बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूचा तिसऱ्या फेरीत तोल गेला. फेरीतल्या १८ होलपैकी, म्हणजे चेंडू छिद्रात घालायच्या टप्प्यांपैकी, ११ व्या होलवर बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) चेंडू निघेना, तेव्हा त्याने स्पर्धाच सोडली. पुढे त्याच मैदानावर त्याने १९२७ ची ओपन जिंकली, १९३० मध्ये एका वर्षातली चारही मोठी विजेतेपदं मिळवली आणि २८ व्या वर्षी स्पर्धात्मक गोल्फ थांबवलं. लोकांनी यातून धडा घेतला तो एवढाच, की राग आवरायला शिका. तो कसा आवरायचा, हे मात्र ज्याचं त्याने शोधायचं होतं.

पुढे अमेरिकेचा नामवंत गोल्फर जॅक निकलसने एक ठोस रीत सांगितली. फटक्याआधी चेंडू कुठे पडेल, हवेतून कसा जाईल आणि त्यासाठी स्विंग (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवण्याची हालचाल) कसा असेल, याचं चित्र तो डोळ्यांसमोर आणायचा, अगदी सरावातसुद्धा. १९७० च्या दशकात टिमथी गॉलवे यांनी टेनिसमधून सुरू केलेला विचार गोल्फमध्येही आला: शरीराला सतत सूचना देणारं मन गप्प झालं, की शरीर शिकलेलं काम नीट करतं.

मला या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो तो संशोधक रिच मास्टर्स यांचा १९९२ चा प्रयोग. त्यांनी नवख्या लोकांना पटिंग, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच छिद्राकडे ढकलण्याचा फटका (पट), शिकवलं. एका गटाला तंत्राच्या सविस्तर सूचना दिल्या. दुसऱ्या गटाला सूचना तर नव्हत्याच, उलट पट मारताना तोंडाने कुठलीही अक्षरं बोलत राहायला लावलं, म्हणजे तंत्राचा विचार करायला डोकं मोकळंच राहू नये. मग पैसे आणि परीक्षक आणून दडपण वाढवलं. अक्षरं बोलत शिकलेल्यांची सुधारणा चालूच राहिली, सूचना पाठ असलेल्यांची तिथेच थांबली. ऐन वेळी ‘मनगट सरळ, खांदा स्थिर’ असं स्वतःला बजावणाऱ्या प्रत्येक हौशी खेळाडूने हे लक्षात ठेवावं.

पण सगळं खापर मनावर फोडणंही अन्यायाचं आहे. छोट्या पटच्या वेळी हात झटका घेतो, त्याला गोल्फर ‘यिप्स’ म्हणतात. जर्मन गोल्फर बर्नहार्ड लँगरला त्याने वर्षानुवर्षं छळलं. त्यावरच्या संशोधनातून दिसलं, की काहींच्या बाबतीत कारण दडपणाचं असतं, तर काहींच्या बाबतीत स्नायूंवरच्या नियंत्रणातल्या चेताविकाराचं. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला ‘मन घट्ट कर’ सांगून काय होणार?

पिया निल्सन आणि लिन मॅरियट या प्रशिक्षकांनी हा सगळा विचार मैदानावर आखूनच दाखवला. चेंडूच्या मागे एक काल्पनिक रेषा. अंतर, वारा, क्लब, सगळं ठरवायचं ते रेषेच्या अलीकडे. ती ओलांडली, की फक्त खेळायचं. थायलंडची आरिया जुटानुगार्न २०१६ च्या एप्रिलमध्ये एका मेजर (सर्वांत मानाच्या गटातल्या) स्पर्धेत तीन होल बाकी असताना दोन फटक्यांनी पुढे होती. त्या तिन्ही होलवर तिने बोगी केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त घेतला, आणि विजेतेपद हातचं गेलं. निल्सन आणि मॅरियट यांनी तिला फटक्याआधी हसायची सवय लावली. मे महिन्यात तिने लागोपाठ तीन स्पर्धा जिंकल्या आणि जुलैमध्ये महिलांची ब्रिटिश ओपन. टीव्हीवर तिचं ते हलकंसं हसू स्पष्ट दिसायचं.

भारतातून या वाटेने गेलेला अनिर्बन लाहिरी पुण्यात जन्मला. इगतपुरीमुळे आपल्याला परिचयाची असलेली विपश्यना तो करतो. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिप या मेजर स्पर्धेत तो संयुक्त पाचवा आला. त्याच वर्षी प्रेसिडेंट्स कप या सांघिक स्पर्धेत शेवटच्या होलवर त्याचा छोटा पट हुकला. ध्यानाने पट हमखास पडत नाहीत, आणि तसा दावा कोणी करूही नये.

उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅकिलरॉयने २०११ च्या मास्टर्स या मेजर स्पर्धेत चार फटक्यांची आघाडी घेऊन शेवटच्या दिवशी ८० फटके घेतले होते. २०२५ मध्ये त्याच स्पर्धेत तो पुन्हा आघाडीवर होता, सोबत बॉब रोटेला या मानसशास्त्रज्ञांचा सल्ला होता. शेवटच्या होलवर जिंकून देणारा छोटा पट तरीही हुकला. बरोबरी झाल्याने प्लेऑफ, म्हणजे जादा होलची लढत, ठरली; त्यासाठी पहिल्या फटक्याच्या जागेकडे जाताना त्याचा कॅडी (क्लब वाहणारा सहाय्यक) हॅरी डायमंड त्याला एवढंच म्हणाला, की सोमवारी सकाळी कोणी हे देऊ केलं असतं तर आपण आनंदाने घेतलं असतं. प्लेऑफच्या पहिल्याच होलवर मॅकिलरॉयने बर्डी केली, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेतला, आणि तो जिंकला.