मोरी ट्वीट प्रकरण

अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलची लीग एनबीए आणि चीन यांच्यात ऑक्टोबर २०१९ मध्ये पेटलेला वाद. ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी यांनी ४ ऑक्टोबरला ट्विटरवर एक चित्र टाकले. मजकूर एवढाच होता : स्वातंत्र्यासाठी लढा, हाँगकाँगच्या पाठीशी उभे राहा. ट्वीट लगेच काढले गेले, पण तोवर चीनमध्ये गदारोळ सुरू झाला होता.

संशयितांना चीनच्या ताब्यात देण्याची मुभा देणाऱ्या विधेयकाविरुद्ध हाँगकाँग त्या वेळी काही महिने रस्त्यावर होते. त्यात रॉकेट्स म्हणजे चीनचा लाडका संघ. चीनचे गाजलेले बास्केटबॉलपटू याओ मिंग २००२ पासून निवृत्तीपर्यंत याच संघातून खेळले, आणि २०१९ मध्ये चिनी बास्केटबॉल असोसिएशनचे अध्यक्षही तेच होते. रॉकेट्सशी सहकार्य थांबवण्याचा निर्णय या असोसिएशनने तातडीने जाहीर केला. पाठोपाठ क्रीडासाहित्य बनवणारी ली-निंग आणि एक शांघायची बँक प्रायोजकत्वातून बाजूला झाल्या. सरकारी वाहिनी सीसीटीव्ही आणि चिनी इंटरनेट कंपनी टेन्सेंट यांनी रॉकेट्सचे सामने दाखवणे बंद केले. याच टेन्सेंटशी एनबीएने त्या वर्षी पाच वर्षांचा, सुमारे १५० कोटी डॉलरचा करार केल्याच्या बातम्या होत्या. सगळी कोंडी पैशाच्या वाटेने झाली.

संघमालक टिलमन फर्टिटा यांनी, मोरी संघाच्या वतीने बोलत नाहीत, असे सांगून हात झटकले. संघाचे आघाडीचे खेळाडू जेम्स हार्डन यांनी टोकियोत माफी मागितली. लीगच्या पहिल्या निवेदनात खेदाचाच सूर होता, आणि त्यावरून अमेरिकेत एनबीएची चांगलीच हजेरी घेतली गेली. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ आणि डेमोक्रॅट खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांनी निषेधाच्या एकाच पत्रावर सह्या केल्या. त्याआधी ८ ऑक्टोबरला लीगचे आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी खेळाडू व कर्मचाऱ्यांच्या बोलण्यावर लीग अंकुश ठेवणार नाही, असे स्पष्ट केले. सीसीटीव्हीने चीनमधील सराव सामन्यांचेही प्रक्षेपण रद्द केले. शांघायचा लेकर्स-नेट्स सामना १० ऑक्टोबरला झाला खरा, पण पत्रकार परिषदेविना. त्याच सुमारास जपानमध्ये एका महिला पत्रकाराने हार्डन आणि त्यांचे संघसहकारी रसेल वेस्टब्रूक यांना, आता मत मांडताना कचरायला होईल का, असे विचारले. संघाच्या अधिकाऱ्याने मध्येच तोंड घालून फक्त बास्केटबॉलचेच प्रश्न घेतले जातील, असे बजावले. एनबीएला नंतर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करावी लागली.

ही लीग मुळात मुकी नव्हे. नॉर्थ कॅरोलायनातील पारलिंगी व्यक्तींना जाचक ठरणाऱ्या कायद्याच्या निषेधार्थ तिने २०१७ चा ऑल-स्टार सामना शार्लटमधून हलवला होता. वंशभेदावर निर्भीडपणे बोलणारे लेकर्सचे खेळाडू लेब्रॉन जेम्स या वेळी मात्र मोरींनाच परिस्थितीची पुरेशी माहिती नव्हती, असे म्हणाले. त्यावर हाँगकाँगमध्ये त्यांच्या जर्सी जाळण्यात आल्या. घरच्या सरकारला धारेवर धरण्याची किंमत एनबीएला परवडणारी होती. चीनच्या बाबतीत तो हिशेब जमत नव्हता, एवढाच याचा अर्थ लागतो.

तोटा कोट्यवधी डॉलरचा, पण बहुधा ४० कोटींच्या आत असेल, असा अंदाज सिल्व्हर यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. मोरी त्याच वर्षी रॉकेट्स सोडून फिलाडेल्फियाच्या संघात गेले. २०२१ मध्ये बोस्टन सेल्टिक्सचे एनेस कँटर यांनी तिबेटच्या बाजूने आवाज उठवताच टेन्सेंटवरून त्यांच्या संघाचे सामने गायब झाले. सीसीटीव्हीवर एनबीए नियमितपणे परतली ती २०२२ मध्ये. चीनच्या भूमीवरील सामन्यांना मात्र ऑक्टोबर २०२५ उजाडावा लागला. मकाऊत ब्रुकलिन नेट्स आणि फिनिक्स सन्स हे संघ दोन सराव सामने खेळले. नेट्सचे मालक चिनी ई-कॉमर्स कंपनी अलीबाबाचे सहसंस्थापक जो साय आहेत. मोरींच्या ट्वीटने चिनी चाहते का दुखावले, हे सांगणारे खुले पत्र २०१९ मध्ये त्यांनीच लिहिले होते.