फुल-टाइम की पार्ट-टाइम: डांबरीवर चारही चाकं लावायची का?

मागच्या आषाढात मामेभावाचा फोन आला. "दादा, गाडी वळणावर झटके मारून रायली. स्टीअरिंग जड झालं अन् तो गोल नॉब फिरवला तरी लाइट विझत नाही." कुठून आलास विचारलं, तर समृद्धीवरून. नागपूरहून निघताना पाऊस होता म्हणून चारही चाकं लावली, म्हणजे फोर बाय फोर चालू केलं. सेलूच्या आसपास कडक ऊन पडलं, काँक्रीट कोरडं झालं, तरी काढली नाहीत. इंटरचेंजचा गोल उतार चारही चाकं लावलेलीच ठेवून उतरला आणि पेट्रोल पंपावर स्टीअरिंग पूर्ण मोडून गाडी वळवली. "फोर बाय फोर हाये ना दादा, मंग बिघडते कायचं?"

हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की आता एकदा नीट लिहून ठेवतो. आमच्याकडं जिनिंगवाले, क्रशरवाले, संत्र्याचे व्यापारी फॉर्च्युनर वापरून झाली की डिफेंडरकडं नाहीतर सेकंडहँड लँड क्रूझरकडं बघायला लागतात. मग चर्चा सुरू होते ती ताकदीची, लेदरची, सनरूफची. रोजच्या वापरात जिथं या गाड्या खरोखर वेगळ्या वागतात, त्याचं नावही निघत नाही, कारण दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो: फोर बाय फोर.

फॉर्च्युनर तुम्हाला माहीत आहे, तिच्यावर फार लिहीत नाही. 2.8 लिटरचं डिझेल, ऑटोमॅटिकमध्ये 204 पीएस आणि 500 न्यूटन मीटर. एरवी मागची दोन चाकं ओढतात, नॉब फिरवला की पुढची दोन जोडली जातात. थार, स्कॉर्पिओ-एन, जिम्नी, व्ही-क्रॉस, सगळ्यांच्या फोर बाय फोर गाड्या याच घराण्यातल्या. हे पार्ट-टाइम. डिफेंडर, लँड क्रूझर 300 आणि मर्सिडीजची जी-क्लास या फुल-टाइम. त्यांची चारही चाकं गाडी सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत ओढतात आणि त्यांना कोरड्या डांबरीवर काहीही होत नाही. पार्ट-टाइमला तेच केलं तर गिअरबॉक्सच्या पोटात पीळ भरतो. असं का होतं, ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं.

डवऱ्याची जोडी तासाच्या टोकाला वळवताना बघा. आतला बैल जवळजवळ जागेवर फिरतो, बाहेरचा लांब लांब पावलं टाकतो. दोघांना सारखंच चालायला लावलं तर जू मोडेल. गाडीच्या एका ॲक्सलवरच्या दोन चाकांचं असंच असतं, म्हणून मध्ये दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियल असतो. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गडबड पुढं आहे. वळणावर फरक फक्त डाव्या-उजव्या चाकांत पडत नाही, तो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्येही पडतो. बैलबंडी वळवून झाल्यावर मातीतल्या चाकोऱ्या बघा, चाकांची वाट बैलांच्या वाटेच्या आतून गेलेली असते. गाडीची मागची चाकंही तशीच आतून कापून जातात, पुढची लांबून फिरतात. फॉर्च्युनरच्या मापाची गाडी स्टीअरिंग पूर्ण मोडून एक गोल चक्कर फिरवली, तर पुढच्या ॲक्सलला मागच्यापेक्षा सुमारे 5 मीटर जास्त चालावं लागतं. मी कागदावर हिशेब केला तेव्हा मलाही तो आकडा मोठा वाटला. एका चक्करला 5 मीटर!

हे 5 मीटर कुठंतरी निघायला हवेत. फुल-टाइम गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या, म्हणजे ॲक्सलकडं जोर नेणाऱ्या दांड्यांच्या, मध्ये तिसरा डिफरन्शियल असतो, त्याला सेंटर डिफरन्शियल म्हणतात. फरक तो खाऊन टाकतो. पार्ट-टाइममध्ये हा तिसरा भाग नसतोच. नॉबवरचं फोर-एच, म्हणजे चार चाकांचं, लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना ठाम बांधले जातात, दोघांना एकाच गतीनं फिरायचं. चिखलात, रेतीत, सैल मुरमात चाक थोडं घसरतं आणि पीळ तिथंच सुटतो. कोरड्या काँक्रीटवर टायर घसरत नाही, मग पीळ शाफ्टमध्ये, ट्रान्सफर केसच्या (पुढं-मागं जोर वाटणाऱ्या पेटीच्या) साखळीत, पुढच्या जॉइंटांमध्ये साठत जातो. आधी स्टीअरिंग जड होतं, मग वळणावर गाडी उड्या मारल्यासारखी चालते, मग नॉब फिरवूनही पुढची चाकं सुटत नाहीत, आणि तरीही ओढत राहिलं की काहीतरी मोडतं.

कास्तकाराला हे वेगळ्या रूपात आधीच माहीत आहे, म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. फोर व्हील ट्रॅक्टर वावरातून डांबरीवर आला की आपण पुढच्या चाकांचा लिव्हर काढतो. नाही काढला तर पुढचे टायर घासून जातात, हे पोरालाही सांगावं लागत नाही. डिफरन्शियल लॉकचा पेडलही चिखलात चाक फिरलं की दाबतो आणि वळायच्या आत सोडतो. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीत बसलं की मात्र तोच माणूस म्हणतो, चार चाकं लावली की पकड वाढते, राहू दे.

या गोंधळाला एक खरं कारणही आहे. 2009 साली आपल्याकडं आलेली पहिली फॉर्च्युनर फुल-टाइम होती. 2016 च्या अखेरीस नवी आली ती पार्ट-टाइम. नाव तेच, पण पोटातली रचना बदलली. जुन्या गाडीवर हात बसलेले कितीतरी ड्रायव्हर चार चाकं कायम चालतात या समजुतीनं नव्या गाडीचा नॉब फिरवून मोकळे होतात. त्यांना ही गोष्ट कुणी नीट सांगितलेलीच नाही.

मामेभावाकडं परत येतो. मी पंपावर पोचलो तेव्हा गाडी सावलीला उभी होती आणि तो खाली वाकून बघत होता. नॉब टू-एचवर, म्हणजे दोन चाकांवर, पण डॅशबोर्डवरचा पिवळा लाइट चालूच. मी स्टीअरिंग सरळ केलं आणि गाडी हळूहळू सरळ रेषेत मागं घेतली. सात-आठ मीटर गेलो असेन, पायाखालून 'टक' असा एकच आवाज आला, कुणी दगडावर पाना टाकावा तसा. लाइट विझला. स्टीअरिंग एका बोटानं फिरायला लागलं. भरलेला पीळ सुटला होता. गाडी अशी अडकली तर आधी हेच करा, सरळ मागं घ्या. आणि तरीही सुटत नसेल तर ओढाताण न करता मेकॅनिकला बोलवा.

आता उलट बाजूचा गैरसमज. फुल-टाइमवाल्यांना लोक सांगतात, चारही चाकं कायम फिरतात म्हणजे टायर लवकर जातील, गिअरबॉक्स झिजेल. वर सांगितलं ते लक्षात असेल तर हे का चुकीचं आहे ते दिसेल. फिरणं आणि बांधलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र फुल-टाइम गाडीतही सेंटर डिफरन्शियल लॉक करता येतो. तो लॉक झाला की ती गाडीही पार्ट-टाइमच्या फोर-एचसारखी बांधली जाते आणि तिलाही कोरडी डांबरी वर्ज्य. लँड क्रूझरमध्ये त्याचं बटण आहे, डिफेंडर बऱ्याचदा स्वतःच ठरवते.

लो रेंज हा तिसरा शब्द त्यात उगाच मिसळला जातो. तो पार्ट-टाइम गाड्यांतही असतो, फुल-टाइममध्येही. तो गिअरचा भाग आहे, अडीच-तीन पट जोर आणि तेवढीच कमी गती. पांदणीत सोयाबीनची ट्रॉली फसली असेल तर गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये घेऊन लावायचा, काम झालं की काढायचा.

मग रोजच्या वापराला काय घ्यावं? माझं मत ठाम आहे: पैसे असतील तर फुल-टाइम. कारण विदर्भातला पावसाळ्यातला रस्ता एकजिनसी नसतो. आर्वीहून गावाकडं निघालं की दोन किलोमीटर ओली डांबरी, मग पुलाजवळ मुरूम, मग ऊन पडून सुकलेला तुकडा, मग ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती रस्त्यावर पसरलेली, तिच्यावर साबणासारखी घसरण. पार्ट-टाइमवाल्यानं कुठं लावायचं आणि कुठं काढायचं? बहुतेक जण कंटाळून काढूनच ठेवतात, म्हणजे ओल्या डांबरीवर दोन टनांची गाडी फक्त मागच्या चाकांनी ढकलली जाते. फुल-टाइममध्ये हा निर्णयच घ्यावा लागत नाही. रात्री घरी येताना, पोरं मागं झोपलेली असताना, मला ही गोष्ट तीनशे पीएसपेक्षा मोलाची वाटते.

वावरात मात्र तोरा नको. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचांत भरून बसते. मग चार चाकं ओढत असली तरी चारही गुळगुळीत. तिथं कोटीच्या गाडीपेक्षा टायर आणि वाट पाहण्याचा धीर जास्त कामाचा. म्हणूनच शोरूममधून 20-22 इंची चाकं आणि पातळ रबराचे टायर लावून आणणाऱ्यांचा मला राग येतो. गिट्टीच्या रस्त्यावर पहिल्याच महिन्यात रिम वाकते. डिफेंडर घेणार असाल तर 18 इंचीचा आग्रह धरा, दिसायला साधी वाटली तरी.

बाकीचे फरक थोडक्यात. लॅडर फ्रेम, म्हणजे ट्रकसारखी शिडीच्या आकाराची चासी, असली की पार्ट-टाइम असं काही नाही. लँड क्रूझर आणि जी-क्लास लॅडरवर आहेत आणि फुल-टाइम आहेत, नवी डिफेंडर मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी आणि चासी एकच. डिफेंडर 110 मागच्या स्टेपनीसह 5 मीटरच्या थोडी वर भरते आणि आरसे मिटून 2 मीटर रुंद. फॉर्च्युनर 4.8 मीटरच्या आत, 1.85 मीटर रुंद. बाजाराच्या दिवशी हे पंधरा सेंटिमीटर जाणवतात, आणि डिफेंडरचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळं मागं कुणी गाडी खेटून लावली की सामान काढता येत नाही. पाण्यात उतरण्याची खोली फॉर्च्युनरला 700 मिलिमीटर, एअर सस्पेन्शनवर उचललेल्या डिफेंडरला 900. हे आकडे थांबलेल्या पाण्याचे आहेत. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर दोन्ही गाड्या अलीकडं थांबवायच्या. दर पावसाळ्यात रपट्यावरून वाहून गेलेल्या गाड्यांच्या बातम्या वाचतो आणि जीव तुटतो.

डीपीएफचं, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, दुखणं दोन्हीकडं सारखं. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेलला काजळी जाळण्यासाठी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं धावावं लागतं. घर ते वावर, वावर ते घर, असं चार किलोमीटरचंच चालवणं असेल तर आठवड्यातून एकदा वर्धा नाहीतर अमरावती करून या. काजळी जळत असताना सायलेन्सर फार तापतो. अशा वेळी गाडी वाळल्या गवतावर किंवा खळ्यातल्या कुटारावर उभी करू नका. एप्रिलमध्ये तर बिलकुल नाही.

दोन सवयी मात्र गाडीप्रमाणे बदलाव्या लागतात. पार्ट-टाइम असेल तर महिन्यातून एकदा पंधरा-सोळा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर-एच चालवा, म्हणजे पुढच्या भागात तेल फिरतं. नाहीतर गरजेच्या दिवशी ते जोडलंच जात नाही. फुल-टाइम असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि साधारण सारखे झिजलेले ठेवा. टोचन करायची वेळ आली तर पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरवत नेऊ देऊ नका, पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर चढवा. क्रेनवाला घाईत असतो, त्याला हे तुम्हीच सांगायचं.

सेकंडहँड लँड क्रूझर किंवा डिफेंडर बघायला जाल तेव्हा मालकाला एक गोष्ट करायला लावा. दुपारी, कोरड्या डांबरी मैदानात, सेंटर लॉक काढलेला आहे ना ते बघून, स्टीअरिंग पूर्ण मोडून पायी चालण्याच्या वेगानं दोन चक्करं. काचा खाली, गाणी बंद. गाडी लोण्यासारखी फिरली पाहिजे. झटका लागला, घासल्याचा किंवा खालून 'कर्र' आवाज आला, तर ट्रान्सफर केस उघडून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका.