विधिसंघर्षग्रस्त बालक

विधिसंघर्षग्रस्त बालक : गुन्हा केल्याचा आरोप असलेले किंवा तो सिद्ध झालेले, आणि गुन्ह्याच्या दिवशी 18 वर्षे पूर्ण न झालेले मूल. खटला उभा राहीपर्यंत ते सज्ञान झाले तरी फरक पडत नाही. हा जडजंबाल शब्द ‘बालगुन्हेगार’ हा शिक्का टाळण्यासाठी आला. अशा मुलांना चौकशीच्या काळात जेथे ठेवतात त्या निरीक्षणगृहाला वस्तीत आणि पोलीस ठाण्यात मात्र अजून ‘रिमांड होम’च म्हणतात. त्यात नवल नाही, कारण मुंबईत डोंगरीचे निरीक्षणगृह ज्या जागेत आहे तो मुळात उमरखाडीचा तुरुंगच.

मुंबई इलाख्यात मुलांसाठी वेगळा कायदा 1924 साली झाला. स्वातंत्र्यानंतरही राज्याराज्यांचे कायदे निराळे होते आणि मुले सर्रास तुरुंगात सापडत. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. 1986 साली देशभराचा एक कायदा झाला. त्यात मुलग्यासाठी वयोमर्यादा 16, मुलीसाठी 18 होती, आणि चौकशी संपेपर्यंत चोरीचा आरोप असलेला मुलगा व घरातून टाकलेला मुलगा एकाच निरीक्षणगृहात राहत. 2000 च्या कायद्याने मुलगा-मुलगी दोघांसाठी 18 हे वय ठरवले आणि ही सरमिसळ थांबवली : आरोप असलेले मूल बाल न्याय मंडळापुढे (एक दंडाधिकारी, दोन समाजकार्यकर्ते), आधाराची गरज असलेले बाल कल्याण समितीपुढे.

डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील बलात्कार प्रकरणात एक आरोपी अठराला काही महिने कमी होता. त्यावरच्या संतापातून 2015 चा कायदा आला. किमान 7 वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यात 16 ते 18 वयाच्या मुलाची समज व परिस्थिती मंडळ तपासते आणि योग्य वाटल्यास प्रकरण बालक न्यायालयाकडे पाठवते. तेथे मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालू शकतो. फाशी मात्र देता येत नाही.

लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलांसाठी 2012 चा पॉक्सो कायदा आहे. जबाब घेणारा पोलीस गणवेशात नसावा, मुलाची आरोपीशी नजरानजर होऊ नये, वकिलाचे प्रश्नही न्यायाधीशांनीच विचारावेत, असे तो सांगतो. त्यानेच लैंगिक संबंधाला संमती देण्याचे वय 16 वरून 18 केले. त्यामुळे सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळाची मुलगी घरातून पळून गेली व पुढे बलात्काराचे कलम लागले, तर मुलगा मंडळापुढे उभा राहतो आणि मुलगी समितीपुढे. त्या कलमाची किमान शिक्षा 7 वर्षांहून जास्त असल्याने मुलाला प्रौढ धरायचे का, हा प्रश्नही निघतोच.