रिपोर्ट नॉर्मल, तरी डोळे थायरॉइडचेच

डोळे पुढे आलेले, वरच्या पापण्या ताणलेल्या, कधी एकाच वस्तूच्या दोन दिसू लागलेल्या. आणि रक्तात टी३, टी४ (थायरॉइडचे हार्मोन) आणि टीएसएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा, थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन) सगळं नॉर्मल. 'म्हणजे थायरॉइडचं काही नाही' हा निष्कर्ष इथे अगदी सहज निघतो. तो चुकीचा का, हे थायरॉइडच्या या नेत्रविकाराच्या इतिहासातून कळतं.

डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि मर्सेबुर्गच्या कार्ल फॉन बॅसेडो यांनी १८४० मध्ये वाढलेली थायरॉइड ग्रंथी, छातीतली धडधड आणि बाहेर आलेले डोळे यांचं एकत्र वर्णन केलं. ती सांगड इतकी पक्की बसली की डोळ्यांचा दोषही जादा हार्मोनकडेच गेला. पण ग्रंथीचा बराचसा भाग कापून काढल्यावरही काहींचे डोळे बिघडतच राहत. मग संशय पिट्युटरीवर आला. १९५० च्या दशकात पिट्युटरीचा अर्क माशांना टोचून त्यांचे डोळे किती पुढे येतात, हे मोजलं जाई. त्या वाटेने उत्तर सापडलं नाही.

खरं वळण १९५६ चं. लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांना हाशिमोटो आजाराच्या (यात प्रतिकारशक्ती थायरॉइडवरच हल्ला करते) रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडमधल्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्तीची प्रथिनं, सापडल्या. त्याच वर्षी न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये अ‍ॅडम्स आणि पर्व्हस यांनी थायरॉइडचा हार्मोन जादा असलेल्या रुग्णांचं सीरम (रक्तातला पातळ भाग) गिनीपिगला टोचलं, तर ग्रंथी टीएसएचपेक्षा उशिरा आणि जास्त वेळ चाळवलेली राहिली. हा घटक पिट्युटरीचा नव्हता. ती अँटिबॉडीच निघाली. टीएसएचच्या रिसेप्टरला (पेशीवर टीएसएच जिथे चिकटतो त्या प्रथिनाला) चिकटून ती ग्रंथीला कामाला लावते. १९८९ मध्ये या रिसेप्टरचं जनुक हाती आलं आणि पुढे तोच रिसेप्टर डोळ्यामागच्या चरबीत आणि तिथल्या फायब्रोब्लास्ट (जोडऊती बनवणाऱ्या) पेशींतही दिसला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच. हल्ल्याची खूण दोन्हीकडे आहे, म्हणून ग्रंथी शांत असतानाही डोळ्याच्या खोबणीत सूज येऊ शकते.

असे रुग्ण थोडेच, थायरॉइडच्या नेत्रविकारात साधारण ५ टक्के. त्यांच्यात रिसेप्टरविरोधी अँटिबॉडीचं प्रमाण बऱ्याचदा कमी असतं, क्वचित ती सापडतही नाही. डोळाही अनेकदा एकच सुजतो. अशा वेळी खोबणीत गाठ तर नाही ना, हे सीटी किंवा एमआरआयने पाहावंच लागतं. टीपीओ (थायरॉइडमधलं एक एन्झाइम) याविरुद्धच्या अँटिबॉडीचा रिपोर्ट मात्र जपून वाचावा: ती धडधाकट माणसांतही आढळते, आणि डोळ्यांशी खरा संबंध रिसेप्टरच्या अँटिबॉडीचा आहे.

२०२० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टेप्रोटुमुमॅब हे औषध थायरॉइडला हातच लावत नाही. ते डोळ्यामागच्या पेशींवरचा, आयजीएफ-१ या वाढीला चालना देणाऱ्या घटकाचा रिसेप्टर अडवतं. तरीही आज नॉर्मल असलेल्यांपैकी काहींची ग्रंथी पुढे बिघडते, म्हणून त्यांची टीएसएच तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करत राहावी लागते.