रक्तवाहिन्यांची सूक्ष्मशस्त्रक्रिया (चेंगरण्याच्या इजांतील)

यंत्रात, जड वस्तूखाली किंवा वाहनाखाली अवयव चेंगरून निकामी झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांचा खराब भाग सूक्ष्मदर्शकातून पाहत कापून काढणे आणि उरलेली निरोगी टोके पुन्हा जोडणे, म्हणजे ही शस्त्रक्रिया. वाहिनीचा व्यास साधारण ३ मिमी.पेक्षा कमी असतो. बोटाच्या रोहिणीत (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीत) तो जेमतेम १ मिमी.च्या आसपास. मोठे स्नायू चिरडल्यानंतर मूत्रपिंडे निकामी करणारे ‘क्रश सिंड्रोम’ (बायवॉटर्स व बील, १९४१) हा विषय वेगळा आहे. मात्र एकाच रुग्णात दोन्ही आढळू शकतात.

या शाखेचा आरंभ नेमका कधीचा मानावा, यावर एकमत नाही. शल्यविशारद मर्फी यांनी १८९६ मध्ये शिकागोत रोहिणीची टोके यशस्वीपणे जोडली. आलेक्सी कारेल यांनी १९०२ मध्ये तीन आधार-टाक्यांची पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिन्या जोडणे व अवयवरोपण यांवरील कार्यासाठी त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन्ही कामांत सूक्ष्मदर्शक नव्हता. तो शस्त्रक्रियेत प्रथम आणला नायलेन यांनी, सुमारे १९२१ मध्ये स्टॉकहोम येथे, पण कानासाठी. सूक्ष्मदर्शक आणि रक्तवाहिनी यांचा मेळ जेकबसन व स्वारेझ यांनी १९६० च्या सुमारास घातला. सुरुवात तिथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण त्यांच्या प्रयोगांनंतरच या आकाराच्या वाहिन्या भरवशाने उघड्या राहू लागल्या.

पुनर्रोपणाच्या (तुटलेला अवयव पुन्हा जोडण्याच्या) ‘पहिल्या’ मानाबाबतही असाच घोळ आहे. बॉस्टन येथे मॉल्ट व सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये एका मुलाचा तुटलेला हात जोडला. शांघाय येथे चेन झाँगवे यांनी १९६३ मध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. दोन्ही ठिकाणच्या वाहिन्या बोटातल्या वाहिन्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. क्लायनर्ट व कॅसडन यांनी त्याच सुमारास बोटांच्या रोहिण्या जोडल्या, पण ती बोटे पूर्ण तुटलेली नव्हती. पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली जोडण्याचे श्रेय बहुतेक अभ्यासक जपानमधील नारा येथील कोमात्सु व तामाई यांना देतात (जुलै १९६५, अहवाल १९६८).

धारदार पात्याने कापलेली वाहिनी जिथे कापली तिथेच दुखावते. चेंगरलेली वाहिनी लांबवर दुखावते, आणि वरून बऱ्याचदा धड दिसते. बाह्यस्तर शाबूत असतो, पण आतला अंतःस्तर फाटून मध्यस्तरापासून सुटलेला असतो. उघड्या पडलेल्या कोलॅजनावर (भिंतीतील तंतुमय प्रथिनावर) बिंबाणू (रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, प्लेटलेट) चिकटतात आणि काही मिनिटांत गुठळी धरू लागते. बोटाच्या कडेने उमटलेली लाल रेषा किंवा फितीसारखी पिळवटलेली रोहिणी ही वाहिनी ओढली गेल्याची खूण असते. म्हणून या शस्त्रक्रियेचे यश टाके किती सुबक आहेत यापेक्षा किती वाहिनी कापून टाकली यावर अधिक ठरते. मिलिमीटर-मिलिमीटरने मागे कापत जावे लागते. भिंत गुळगुळीत व मोत्यासारखी दिसली, आत एकही धागा किंवा पापुद्रा लोंबत नसला आणि चाप सैल करताच हृदयाकडील टोकातून रक्ताची जोरदार पिचकारी उडाली, म्हणजेच थांबायचे. इथे हात आखडणारा शल्यविशारद सहसा काही तासांत पुन्हा शस्त्रक्रियागृहात येतो.

कापल्यावर पडणारे अंतर ओढून भरून काढू नये. ताण आलेला जोड बंद पडतो. बोटात हाड थोडे आखूड करता येते. एरवी मनगटाजवळची किंवा पायाच्या पाठीवरची नीला (हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी) कलम म्हणून वापरतात. रोहिणीत बसवताना ती उलटी लावतात, नाहीतर तिच्या झडपा प्रवाह अडवतात.

टाक्यांसाठी सहसा १०-० नायलॉन वापरतात. धागा सुमारे ०·०२ मिमी. जाडीचा असतो. पहिले दोन टाके एकमेकांपासून १२०° अंतरावर घेतले की मागची भिंत आपोआप दूर लोंबते आणि सुईत सापडत नाही. एक मिमी.च्या रोहिणीला सहा ते आठ टाके पुरतात. अंतःस्तर चिमट्याने कधीही पकडायचा नसतो. जोड हेपारिनयुक्त (रक्त गोठू न देणारे औषध मिसळलेल्या) सलाइनने धुतात. आकसलेल्या वाहिनीवर ती सैल करणारे पॅपॅव्हरीन किंवा लिडोकेन हे औषध घालतात. जोड वाहता आहे का, हे पाहण्यासाठी त्याच्या पुढच्या बाजूस दोन चिमट्यांनी वाहिनी दाबून मधले रक्त निपटून काढतात आणि जोडाजवळचा चिमटा सोडतात. रिकामा भाग तत्काळ भरला पाहिजे.

रक्तपुरवठा तुटल्यावर स्नायू असलेला भाग उष्ण अवस्थेत सुमारे ६ तास तग धरतो. स्नायू नसलेले बोट सुमारे १२ तास आणि थंड ठेवल्यास २४ तासांपर्यंत. त्यामुळे मोठ्या अवयवात हाड बसवण्यापूर्वी तात्पुरती नळी घालून रक्त सुरू करणे श्रेयस्कर ठरते. उशिरा रक्त सुरू झाले, तर जोड उघडा असूनही केशवाहिन्या सुजून रक्त पुढे सरकत नाही. अवयव वाचवावा की कापावा, यासाठी १९९० मध्ये सुचवलेला एमईएसएस हा इजेची तीव्रता मोजणारा गुणांक वापरला जातो, पण केवळ त्यावर निर्णय सोपवणे आज बहुतेकांना मान्य नाही.

नंतरचे पहिले काही दिवस जोखमीचे. बोट पांढरे व गार पडले तर दोष रोहिणीत; निळे-काळे होऊन फुगले तर नीलेत. त्वचेचे तापमान ३०° से.च्या खाली उतरले, तर वेळ न दवडता जोड पुन्हा उघडून पाहतात. नीला जोडण्याजोगी नसल्यास वैद्यकीय जळवा लावतात. त्यांच्या लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही. मात्र जळवांच्या आतड्यातील एरोमोनास जंतूंमुळे संसर्ग होऊ शकतो, म्हणून प्रतिजैविक आधीपासून देतात.